डाव्या पोटरीचं माप

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज रोगाला नाव मिळालं. नाव इतकं लांबलचक आहे की या हातांनी ते लिहायला घेतलं तर वहीचं पान पुरायचं नाही. तेव्हा ते कागदपत्रांतच राहू दे.

मज्जातंतूंचा डॉक्टर आमच्या चिरंजिवांपेक्षाही लहान दिसतो. "बसा आजी," अशी सुरुवात केली. मी म्हटलं, "मी तुमची आजी नाही. असते तर तुम्हाला खुर्चीत सरळ बसायला शिकवलं असतं." तो सरळ बसला. सूनबाईने छताकडे पाहिलं.

मग त्याने टेबलावरची चार्जरची वायर उचलून दाखवली. "आतली तार शाबूत आहे. वरचं आवरण तुमच्याच शरीराचे पहारेकरी कुरतडताहेत. म्हणून हातापायांना निरोप पोचत नाही." सहा महिने मी ज्याला म्हातारपण समजत होते आणि चिरंजीव ज्याला 'आई, तू व्यायाम करत नाहीस' म्हणत होता, ते हे.

गेल्या गुरुवारचं त्याला सांगितलं. किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. बोटं लाकडाची. स्वतःच्या दाराबाहेर पाऊण तास उभी होते, शेवटी नाकाने फोनची बटणं दाबून सूनबाईला बोलावलं. डॉक्टर हसला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवते.

संध्याकाळी चिरंजिवांचा फोन. "विषय संपला, आई. ते घर विकू, तू आमच्याकडे ये." पाढे म्हणावेत तसं म्हणाला. हात गेले की घर गेलं, असा त्याचा हिशोब, आणि तो चुकीचा नाही, हेच जास्त चीड आणणारं आहे. मला या दोन खोल्यांत मरायची हौस नाही. राहायची आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

औषध ठरलं: इम्युनोग्लोब्युलिन. शिरेतून, थेंब थेंब, पाच दिवस. पुढे दर तीन आठवड्यांनी. हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातला पिवळसर द्रव एकत्र करून त्यातून संरक्षक प्रथिनं वेगळी काढतात, जंतू मारतात आणि बाटलीत भरतात. हजारो अनोळखी लोक माझ्या अंगात! मला घरी दोनपेक्षा जास्त पाहुणे चालत नाहीत.

संमतिपत्र चार पानी. माझ्या आधीच्या गृहस्थाने बसची वाट बघत सही करावी तशी केली. मी सगळं वाचलं. डोकेदुखी, ताप, पुरळ, मूत्रपिंडावर ताण, मेंदूच्या आवरणाला सूज, रक्तात गुठळी. पुढे 'क्वचित'.

"क्वचित म्हणजे किती?"

"एक ठरलेला आकडा नाही," डॉक्टर म्हणाला. "वय जास्त, एका जागी बसून राहणं, पाणी कमी पिणं, यांनी वाढतं. म्हणून सावकाश देतो, आणि तुम्ही भरपूर पाणी प्यायचं."

"आणि औषध पहारेकऱ्यांना आवरतं कसं?"

"खरं सांगू? पूर्ण कुणालाच माहीत नाही. काही भाग कळलाय."

चौतीस वर्षं मी भूमापन कार्यालयात नकाशे काढले. 'माहीत नाही' असं स्वच्छ म्हणणारा साहेब मला दोनदाच भेटला. सही केली. सही म्हणजे खेकड्याची चाल, पण केली.

रक्त तपासलं. मूत्रपिंडं ठीक. एक विशिष्ट प्रथिन रक्तात मुळीच नसेल तर या औषधाची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून तेही पाहिलं. आहे म्हणे. चला, काहीतरी जागेवर आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

पहिला दिवस. खोलीत चार खुर्च्या, एक खिडकी, खिडकीत कोमेजलेल्या झाडाची कुंडी. खुर्च्या अशा की पाय लोंबकळावेत. ज्याने त्या बनवल्या त्याची स्वतःची मांडी कुठे संपते हे त्याने कधी मोजलं नसावं.

नर्सला सगळे सिस्टर म्हणतात. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणजे काळा झगा, हातात पट्टी, आणि डोळ्यांत परमेश्वराची परवानगी. शब्द कानावर पडला की साठ वर्षांनीही माझी पाठ ताठ होते. ही सिस्टर मात्र साधी. बाटलीवरचा क्रमांक उतरवून घेते, स्टिकर माझ्या फाईलला चिकटवते, अर्ध्या तासाने रक्तदाब घेते आणि मगच थेंबांचा वेग जरासा वाढवते. प्रत्येक वेळी तेच प्रश्न: डोकं? छाती? श्वास? पाय? कामात शिस्त आहे. दोष काढायला जागा मिळाली नाही, त्यामुळे दिवस लांबला.

शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त बस ड्रायव्हर. रक्ताच्या आजारातून उठला, पण आता अंगात पहारेकरीच उरले नाहीत. शिंकलं की न्युमोनिया. म्हणून हीच बाटली त्यालाही.

"म्हणजे तुमचे झोपलेले आणि माझे पिसाळलेले, आणि औषध एकच?" मी म्हटलं.

"एकच बस, बाई. तुम्ही एका स्टॉपवर उतरायचं, मी दुसऱ्या." मग माझ्या बाटलीकडे बघत म्हणाला, "तुमची मोठी आहे हो. तुम्ही लांब पल्ल्याच्या."

प्रश्न एकच, संडासाचा. चाकांचा तो स्टँड बरोबर न्यायचा, त्याचं एक चाक स्वतःच्या मतानं चालतं; आत गेलं तर दाराची कडी लागत नाही; आणि या बोटांनी कपडे सावरायला सिस्टरला हाक मारायची. अडुसष्टाव्या वर्षी! मी सरळ उपाय काढला. सूनबाई पाण्याच्या दोन बाटल्या देऊन जाते. अर्धी मी पिते, उरलेली त्या गरीब झाडाला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी डोकं असं दुखलं की उजेड नको, आवाज नको. मान वळेना. डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगितलं. त्याचं फळ काय? आजची बाटली रद्द, मान वाकवून बघणं, पुन्हा रक्त, दिवसभर निगराणी. "सांगितलंत ते फार बरं केलंत," म्हणे. एक दिवस फुकट गेला. पुढचं सगळं वेळापत्रक ढकललं.

शहाण्याला एकदाच ठेच लागते.

रविवार, १६ फेब्रुवारी

पाचवी बाटली काल संपली. हात होते तसेच. ड्रायव्हर म्हणाला, "गाडी गरम व्हायला वेळ द्या." सूनबाई घरी सोडून गेली. जाताना तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे खालच्या फळीवर आणून ठेवले, न विचारता. ती बोलत नाही, नुसती बघते. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, तीच सवय घरीही. मला बघे लोक आवडत नाहीत.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

स्वेटरची पाचही बटणं. स्वतः. वरून खाली, मग उघडून पुन्हा खालून वर.

कुणाला सांगितलं नाही. आरशासमोर जरा वेळ उभी राहिले, एवढंच.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आता सांगितलं. चिरंजीव म्हणाला, "बघू, टिकतंय का." बाप असाच होता, लॉटरी लागली असती तरी आधी तिकीट उलटं करून पाहिलं असतं. सूनबाई फोनवर काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पाची बटणं?" मी म्हटलं, "पाची." पुन्हा गप्प. या मुलीला आनंद म्हणून काही होतो की नाही कोण जाणे. नाक ओढल्याचा आवाज आला, सर्दी झाली असावी.

मंगळवार, ११ मार्च

दुसरी खेप. काल आणि आज, मोठ्या बाटल्या. गेल्या आठवड्यापासून बोटं पुन्हा जड व्हायला लागली होती, म्हणजे तीन आठवड्यांचं गणित बरोबर आहे. आता हे औषध चुकता कामा नये. चुकलं तर चिरंजीव दलालाला घेऊन दारात.

आज दुपारी डोकं दुखलं. सिस्टरने विचारलं, "डोकं?" मी म्हटलं, "खांद्यांवर आहे." ती हसली आणि वेग वाढवला.

कुंडीतल्या झाडाला तीन नवी पानं आलीत. ड्रायव्हरने पाणी ओतताना पाहिलं. "बाई, झाड सुधारलं. तुमचं काय?"

"तुम्ही रस्त्याकडे बघा," मी म्हटलं.

"तेच केलं आयुष्यभर. आरशात पण बघायचो."

शनिवार, १५ मार्च

डावी पोटरी दुखते आहे. दोन दिवस त्या खुर्चीत सहा-सहा तास लोंबकळल्यावर दुसरं काय होणार? खुर्चीबद्दल रुग्णालयाला तक्रार लिहिली आहे. दीड पान. मुद्देसूद.

शिवणाच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी ३३.२, डावी ३४.६ सेंटिमीटर. आमच्या कार्यालयातला नियम असा: एकदा घेतलेलं माप म्हणजे अफवा, दोनदा म्हणजे शंका, तिसऱ्यांदा तेच आलं की नकाशावर चढवायचं. तोवर साहेबांना तोंड दाखवायचं नाही.

रविवार, १६ मार्च

उजवी ३३.२. डावी ३५.५.

दोन मापं जुळत नाहीत. म्हणजे नोंद धरता येत नाही.

सूनबाईचा सकाळचा फोन. "पाय कसे आहेत?" रोज हेच विचारते, दुसरा विषय नाही. मी म्हटलं, "दोन आहेत."

मंगळवार, १८ मार्च

उजवी ३३.२. डावी ३६.४.

तिसऱ्यांदा तिसरंच माप. याचा अर्थ उघड आहे: साधन खराब. टेप जुनी आहे, चौतिसाच्या पुढचा भाग आकसला असणार. उजव्या पायाला तो भाग लागत नाही म्हणून ते माप स्थिर येतं. नवी टेप आणायला हवी.

खाली दुकानापर्यंत गेले, पण जिना चढताना दम लागला, दोनदा थांबले. या इमारतीच्या पायऱ्या पहिल्यापासूनच उंच आहेत. टेप मिळाली नाही.

डॉक्टरांना कळवावं का, असा विचार आला. नको. डोक्याबद्दल सांगितलं तर एक दिवस गेला होता. पोटरीबद्दल सांगितलं तर औषधच थांबवतील. मग बोटं, मग किल्ली, मग घर. एका खुर्चीपायी एवढं गमवायची माझी तयारी नाही.

शुक्रवार, २१ मार्च

रुग्णालयातून लिहिते आहे. अक्षर नीट येतं आहे, हात शाबूत आहेत.

बुधवारी सूनबाई माझी नखं कापायला आली. खाली बसली, माझे मोजे काढले आणि हातातलं नखं कापायचं यंत्र तसंच राहिलं. उजव्या पायावर मोज्याच्या काठाची रेघ. डाव्या पायावर खंदक.

"हे कधीपासून?"

"खुर्चीमुळे आहे."

"आई, कधीपासून?"

"टेप खराब आहे," मी म्हटलं. आता लिहिताना हे उत्तर कसं दिसतं ते मला कळतं.

तिने मोजा पुन्हा घातला नाही. फोन लावला, मला चप्पल चढवली आणि जिन्यावर माझ्या पुढे, पाठमोरी न होता, एकेक पायरी उलटी उतरली. माझ्याकडे बघत. तू पडलीस तर दोघी जाऊ, असं मी म्हणाले. "मग दोघी," ती म्हणाली.

पायाची सोनोग्राफी, मग छातीचा स्कॅन. शिरेत गुठळी. तिचा बारीकसा तुकडा सुटून फुप्फुसापर्यंत गेलेला. दम पायऱ्यांमुळे नव्हता.

डॉक्टरने विचारलं, सुरुवात केव्हा झाली. मी ही वही पुढे केली. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं, आणि मापं तर होतीच. त्याने १५, १६, १८ तारखा वाचल्या. पुन्हा वाचल्या. आधीची पानंही चाळली असणार, कारण मग म्हणाला, "झाडाला पाणी?"

मी सरळ बसले होते. तरीही खुर्चीतून खाली खाली जातेय असं वाटलं.

"मॅडम," तो म्हणाला, "टेप बरोबर होती."

चौतीस वर्षं मी न हलणाऱ्या गोष्टी मोजल्या. विहीर तिथेच असते, बांध तिथेच असतो. दोन मापांत फरक आला तर चूक मोजणाऱ्याची नाहीतर मोजणीच्या साखळीची. जमीन काही सुजत नाही.

शनिवार, २२ मार्च

सूनबाई कालपासून माझ्याशी बोललेली नाही. नेहमीचं गप्प राहणं आणि हे, यांत फरक आहे. तो मला एका दिवसात कळला याचं आश्चर्य वाटतं.

सोमवार, ३१ मार्च

घरी आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दोन वेळा. पायाची सूज उतरते आहे. आज तिसरी खेप व्हायची होती. झाली नाही.

चमचा पडला. उचलला. पुन्हा पडला. मग तसाच राहू दिला.

सोमवार, ७ एप्रिल

हे पान लिहायला दुपार गेली. पेन्सिल मुठीत धरून लिहिते आहे, पहिलीतल्या पोरीसारखी.

डॉक्टरने आम्हा दोघींना बसवून पर्याय सांगितले. स्टिरॉइडच्या गोळ्या: हाडं आधीच ठिसूळ आहेत, ती आणखी जातील, साखर वाढेल. किंवा तेच औषध पुन्हा, पण छोट्या बाटल्या, पाच दिवसांत वाटून, वेग अगदी कमी, रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवून. "धोका कमी होईल. शून्य होणार नाही. मी तसं वचन देणार नाही."

"बाटली," मी म्हटलं.

"नको," सूनबाई म्हणाली. मोठ्याने. बाहेरच्या बाकावरची दोन माणसं वळली. "बास झालं. हात नसले तर नसू देत. मी भरवीन, मी बटणं लावीन. रोज सकाळी फोन लावल्यावर तुम्ही उचलेपर्यंत मी श्वास धरून बसते. एकदा तुम्ही सातव्या रिंगला उचललात. सातव्या!"

मी न्हाणीघरात असेन. मला आठवतही नाही.

डॉक्टर त्याच्या पेनाकडे बघत बसला. मला नेहमीसारखं काहीतरी झोंबणारं बोलता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ती रडत होती आणि नाक ओढत होती, आणि तो आवाज सर्दीचा नव्हता.

मी म्हटलं, "अगं, तू भरवशील, ठाऊक आहे. म्हणूनच नको. मला तुझ्याकडे जेवायला यायचंय, भरवून घ्यायला नाही. मरायची घाई नाही मला. पण हात हवेत."

मग तिने पदराने नव्हे, माझ्याच रुमालाने डोळे पुसले आणि अटी घातल्या. चष्म्याचा नंबर सांगावा तशा, कोरड्या. पाणी ती मोजणार. पाय ती रोज बघणार, बोट दाबून. दर तासाला मी उठून चालायचं, संडासाला सिस्टरबरोबर जायचं, लाज घरी ठेवून. "आणि जे दुखेल ते सांगायचं. पहिल्यांदा दुखेल तेव्हा. तिसऱ्यांदा नाही."

"आणि तुझ्या नवऱ्याचं काय? दलाल?"

"त्यांना मी बघते," ती म्हणाली. आमच्या चिरंजिवांची मला प्रथमच दया आली.

शुक्रवार, १८ एप्रिल

छोट्या बाटल्यांचा पाचवा दिवस. अटीप्रमाणे सूनबाई पाचही दिवस आत, माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर, पुढ्यात पाण्याची मापं घालून. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आता कंडक्टर पण आली. फुकट प्रवास बंद." सूनबाई हसली. हसताना तिला डाव्या गालावर खळी पडते. लग्नाला अकरा वर्षं झाली.

आज पेला एका हातात धरला. उजव्या. दोन घोट घेतले, सांडलं नाही. अजून यावरून काही सिद्ध होत नाही, असं डॉक्टर म्हणतो. लेखी नोंद करून ठेवते.

तीनच्या सुमाराला कपाळात ठणका सुरू झाला. हलकाच. सिस्टर दुसऱ्या खुर्चीपाशी होती, विचारायला यायला वीस मिनिटं होती, आणि बाटली निम्मी उरलेली. मी घड्याळ पाहिलं. खोटं कशाला लिहू, चांगलं पाहिलं. मग हाक मारली. "सिस्टर, डोकं दुखतंय. आत्ताच लागलंय." तिने थेंब थांबवले, रक्तदाब घेतला, मान वाकवून पाहिली, गोळी दिली. अर्ध्या तासाने निम्म्या वेगाने पुन्हा सुरू. साडेचारला सुटणार होते, ते साडेसहा झाले.

सूनबाईला हे सांगायला वळले तर ती भिंतीला डोकं टेकून झोपलेली. पाच दिवस सकाळी दुकान उघडून, तिथून इथे, इथून माझ्या घरी, मग स्वतःच्या. सिस्टर म्हणाली, "उठवू का? उशीर होणार म्हणून सांगायला हवं."

"झोपू दे," मी म्हटलं. "मी कुठे पळून जाते?"

पुढचे तीन तास मी पाणी स्वतः प्यायले, मापाने. तासाला उठून स्टँड घेऊन दारापर्यंत फेरी मारली. त्याचं मनमानी चाक वाजू नये म्हणून उचलून धरलं, जेवढं धरता आलं तेवढं. ड्रायव्हरने तोंडावर बोट ठेवून मला रस्ता दिला.

घोरते ती. चांगली घोरते, तोंड उघडं टाकून. सगळं सांगायचं असं ठरलंय खरं, पण एवढं मी कुणालाही सांगणार नाही.